धनको नव्हे, बायको

तोफखान्यातला जवान पंजाबातल्या गावचा असो, बिहारचा असो की सिन्नर तालुक्यातला, त्याच्या लग्नाची नोंद शेवटी नाशिकरोड कॅम्पातच येते. तोफखान्यातल्या सगळ्या जवानांच्या आणि जेसीओंच्या (कनिष्ठ कमिशन्ड अधिकाऱ्यांच्या) सेवानोंदी तिथल्या अभिलेख कार्यालयात असतात. भरतीच्या दिवसापासूनचा पगार, बढत्या, बदल्या, आजारपणं आणि घरची माणसं यांचा लेखाजोखा तिथे असतो. फौजी घरांत हे कार्यालय ‘रेकॉर्ड’ या एकाच शब्दाने ओळखलं जातं. ‘रेकॉर्डला कागद गेला का?’ हा प्रश्न नाशिकरोड, देवळाली, भगूर भागातल्या माजी सैनिकांच्या घरांत पेन्शनइतकाच जुना आहे.

जवानाचं लग्न झालं की युनिटमधून ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते. मूल झालं की दुसरी, घटस्फोट झाला की आणखी एक. पहिल्या ऑर्डरने बायकोचं नाव नोंदीवर चढतं. त्यावर तिचं डिपेंडंट कार्ड, कँटीन, लष्करी रुग्णालयातले उपचार आणि नवऱ्याच्या मागे मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे फॅमिली पेन्शन, उभं राहतं. घटस्फोटाच्या ऑर्डरने हे सगळं एकदम खाली येतं. लग्न दोन वर्षांचं होतं की बावीस, हे त्या ऑर्डरमध्ये कोणी विचारत नाही.

या लेखाचा विषय ही न विचारलेली वर्षं आहेत. फौजीचं लग्न मोडलं तर त्याच्या पेन्शनीत बायकोचा वाटा किती? भारतीय कायद्याचं उत्तर एका शब्दाचं आहे: शून्य. तिला मिळू शकते ती पोटगी, जुन्या कोर्टाच्या भाषेत खावटी. वाटा आणि पोटगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाटा कमावलेला असतो. पोटगी गरज सिद्ध करून मागावी लागते, आणि देणाऱ्याची परिस्थिती बदलली की ती कमी करून घेता येते.

पेन्शन म्हणजे नेमकं काय, ते आधी एका हिशेबाने पाहू. माणूस कल्पित, नियम खरे. चोवीस वर्षं नोकरी करून एक हवालदार त्रेचाळिसाव्या वर्षी घरी येतो. शेवटचं मूळ वेतन आणि सैनिकी सेवा वेतन मिळून ५०,००० रुपये धरू. पेन्शन त्याच्या निम्मी, म्हणजे महिना २५,०००, महागाई सवलत वेगळी. सैनिकाला पेन्शनीचा निम्मा भाग विकता येतो, त्याला कम्युटेशन म्हणतात. या वयाला वार्षिक रकमेच्या सुमारे नऊपट पैसे एकदम हातात येतात: १२,५०० गुणिले बारा गुणिले नऊ, म्हणजे साडेतेरा लाख. विकलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. याशिवाय ग्रॅच्युइटी, फंड आणि शिल्लक रजेचे पैसे.

पेन्शनीच्या पहिल्या महिन्यातच घराची मोठी रक्कम एकदा येते, आणि पुन्हा कधीच येत नाही. प्लॉट, बंगला, बहिणीचं लग्न, विहीर, गाडी हे सगळं त्याच वर्षी होतं. संसार त्यानंतर पाच वर्षांनी मोडला, तर कोर्टासमोर उरते निम्मी पेन्शन. ते साडेतेरा लाख कुणाच्या नावावरच्या भिंतीत गेले, हे शोधत बसायचं काम बायकोचं.

त्या चोवीस वर्षांत ती काय करत होती? नाशिक जिल्ह्यात उत्तर अवघड नाही. सिन्नर, निफाड, चांदवड, दिंडोरीकडच्या फौजी घरांत कांद्याची लागण, द्राक्षाची छाटणी, सासऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, पोरांच्या शाळेची फी, सोसायटीचं कर्ज हे सगळं एका बाईच्या जिवावर चालतं, कारण घरातला पुरुष सीमेवर असतो. फील्ड एरियात कुटुंब नेता येत नाही. पीस स्टेशनला क्वार्टर मिळालं तर दोन-तीन वर्षं एकत्र, मग पुन्हा बदली. बदलीच्या मागे फिरणाऱ्या बाईला स्वतःची नोकरी धरून ठेवता येत नाही, आणि गावी राहणाऱ्या बाईची मेहनत सातबारावर चढत नाही. नवऱ्याची नोकरी अखंड राहावी म्हणून तिचं आयुष्य खंडित झालं. ती अखंड नोकरी पुरी झाली म्हणूनच पेन्शन लागली: जवानाला किमान पंधरा वर्षं, अधिकाऱ्याला वीस. पेन्शन त्याच्या एकट्याच्या घामाची आहे, हे मला मान्य नाही.

आता कायद्याकडे वळू. नवरा सेवेत असेपर्यंत बायकोला एक वाट आहे आणि ती बऱ्याच जणींना ठाऊक नसते. लष्कर अधिनियम, १९५० च्या कलम २८ प्रमाणे सैनिकाच्या पगारावर दिवाणी कोर्टाला जप्ती आणता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम ९० आणि ९१ मध्ये मात्र बायको-मुलांच्या निर्वाहासाठी पगारातून रक्कम कापण्याचा अधिकार खुद्द लष्कराला दिला आहे. बाईने कमांडिंग ऑफिसरला अर्ज करायचा, नवऱ्याला नोटीस जाते, दोघांचं म्हणणं नोंदवलं जातं आणि प्रकरण वर कमांडपर्यंत जातं. बायको आणि मुलं मिळून कपातीची कमाल मर्यादा ३३ टक्के आहे. वकील लागत नाही, कोर्ट फी लागत नाही. देवळालीत बसलेल्या बाईला लेहमधल्या नवऱ्याच्या पगारातून पैसे मिळू शकतात, हे या तरतुदीचं मोठं बळ.

नवरा निवृत्त झाला की हे बळ संपतं. तो लष्कर कायद्याखाली राहत नाही, कपात थांबते, आणि बाईला दिवाणी किंवा फौजदारी कोर्टाच्या पायऱ्या पहिल्यापासून चढाव्या लागतात. हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ आणि २५, किंवा पूर्वीचं फौजदारी संहितेचं कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं. यातला दिलासा एवढाच की १४४ चा अर्ज ती राहते तिथे करता येतो. आदेश झाल्यावर पैसे आले नाहीत तर वसुलीसाठी एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ही मुदत चुकली की त्या थकबाकीसाठी हे हत्यार बोथट होतं.

रक्कम ठरवताना नवऱ्याच्या निव्वळ पगाराचा चौथा हिस्सा, हा आकडा सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये उच्चारला. तेव्हापासून तो कोर्टाच्या बोलण्यात बसला आहे. पगाराचा चौथा हिस्सा ठीक. पण निम्म्या पगाराची पेन्शन, तीही निम्मी विकलेली, आणि तिचा चौथा हिस्सा! आमच्या कल्पित हवालदाराच्या घरात हा हिशेब करून पाहावा.

आणि आता ज्या कायद्यामुळे हा लेख लिहावासा वाटला, तो. पेन्शन अधिनियम, १८७१. त्याचं कलम ११ सांगतं की सरकारी पेन्शन, मग ती राजकीय कारणाने दिलेली असो वा पूर्वीच्या सेवेबद्दल, धनकोच्या, म्हणजे कर्ज दिलेल्याच्या, मागणीवरून जप्त होणार नाही. कलम १२ म्हणतं, पुढे मिळायची पेन्शन आधीच कुणाला लिहून दिली तर तो व्यवहार रद्द.

हा कायदा कोणत्या काळातला आहे, ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. मुंबई इलाख्यात जुन्या सरदार घराण्यांना इंग्रजांनी नेमून दिलेल्या राजकीय पेन्शनी होत्या आणि पलटणीतून परतलेल्या शिपायांच्या लहान पेन्शनी होत्या. दारात सावकार बसलेला असे. कायदा झाल्यावर चारच वर्षांनी, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, आणि दंगे नगर जिल्ह्यापर्यंत पसरले. कर्जाच्या त्या वणव्यात म्हाताऱ्या शिपायाच्या ताटातली भाकरी सावकाराने उचलू नये, म्हणून कलम ११ चं कुंपण. कुंपण योग्यच होतं. आजही योग्य आहे.

पण पुढे नवऱ्यांच्या वकिलांनी हेच कुंपण बायकोसमोर उभं केलं. पोटगीची थकबाकी पेन्शनीतून कापू म्हटलं की उत्तर तयार: पेन्शन जप्त होत नाही, कलम ११ पाहा. म्हणजे जिने त्या भाकरीचं पीठ मळलं, तिलाच सावकाराच्या रांगेत उभं करायचं.

२०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर असाच एक निवृत्त नवरा आला. पोटगीसाठी पेन्शनीला हात लावता येणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते फेटाळलं. कारण सरळ होतं: कलम ११ चं संरक्षण धनकोविरुद्ध आहे आणि बायको धनको नव्हे. तिच्या निर्वाहासाठी पेन्शन जप्त करता येते. हा नवरा सैनिक नव्हता, पण कलम ११ सरकारी पेन्शन म्हणते, गणवेश पाहत नाही. दीडशे वर्षांच्या कायद्यातला एक शब्द नीट वाचला गेला. महाराष्ट्रातल्या कोणत्याही कुटुंब न्यायालयात फौजीच्या पेन्शनीचा प्रश्न निघाला की हा निकाल पहिल्यांदा टेबलावर ठेवावा.

नागपूरनेच दुसरीही देणगी दिली आहे. तिथल्या कुटुंब न्यायालयातून सुरू झालेल्या एका पोटगीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी देशभरासाठी नियम घालून दिले. दोन्ही बाजूंनी आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. फौजीच्या बाबतीत याचा अर्थ असा की पी.पी.ओ., म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, कम्युटेशनची रक्कम, ग्रॅच्युइटी हे सगळं कागदावर यायला हवं.

तरीही जप्ती म्हणजे वाटणी नाही. त्यातली सगळ्यात खोल भेग नवऱ्याच्या मृत्यूनंतर दिसते. पेन्शन त्याच्या श्वासाबरोबर संपते, तिच्यातून कापली जाणारी पोटगीही त्याच दिवशी बंद होते. पुढे सुरू होते फॅमिली पेन्शन, साधारणपणे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, सुरुवातीची काही वर्षं जास्त. ती मिळते विधवेला. घटस्फोटित बाई विधवा नसते. नवऱ्याने दुसरं लग्न केलं असेल तर दोन वर्षांच्या संसारावर दुसरी बायको जन्मभराची धनी होते. त्या बाईचा यात काही दोष नाही. पण पहिलीने काढलेली वीस वर्षं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

म्हणून फौजी घरांतल्या बायकांना माहेरची माणसं आणि वकील एकच सल्ला देत आले: सही करू नको. मार खाल्ला, टाकून दिली, नवऱ्याने दुसरा घरोबा केला, तरी घटस्फोटाच्या कागदावर सही करू नको, नाव राहू दे. बाहेरच्याला हा हट्ट किंवा सूड वाटतो. तो शुद्ध हिशेब आहे. पार्ट टू ऑर्डरमधलं नाव ही तिची एकमेव म्हातारपणाची ठेव असते, आणि ती राखायची तर मेलेलं लग्न जिवंत दाखवावं लागतं. मला या सगळ्यात हे सर्वांत अन्यायाचं वाटतं. ज्या नात्यातून तिने सुटावं असं सगळ्यांना दिसतं, त्याच नात्याला कायदा तिला पोटासाठी बांधून ठेवतो.

मधली वाट आहे ती न्यायिक विभक्ततेची. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० खाली कोर्ट वेगळं राहण्याचा हुकूम देतं, लग्न मात्र टिकतं. अशी बाई नवऱ्याच्या मागे फॅमिली पेन्शनीला पात्र राहते, व्यभिचार सिद्ध झाल्याचा अपवाद सोडून. पण यात एक सापळा आहे. अशा हुकुमानंतर एक वर्ष दोघे पुन्हा एकत्र आले नाहीत, तर कलम १३(१-अ) प्रमाणे दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतो. नवराही.

आपल्या निवृत्तिवेतनाच्या नियमांत मोडलेल्या लग्नाचा वाटा मोजणारी एक जागा मात्र आहे. केंद्राच्या नागरी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन नियमांत, म्हणजे १९७२ च्या नियम ५४ मध्ये आणि त्याच्या जागी आलेल्या २०२१ च्या नियम ५० मध्ये, ती सापडते. सैन्याच्या साध्या फॅमिली पेन्शनीची घडणही याच धर्तीची आहे. मृताच्या मागे विधवा आहे आणि घटस्फोटित बायकोची पात्र मुलंही आहेत, अशा वेळी घटस्फोट झाला नसता तर आईला जो हिस्सा मिळाला असता तो त्या मुलांना मिळतो. मूल कमावू लागेपर्यंत, लग्न होईपर्यंत किंवा पंचविशीपर्यंत अशा मर्यादा आहेत. पण तत्त्व पाहा: आईचा हिस्सा होता, हे नियम मान्य करतो. फक्त तिच्या हातात द्यायला तयार नाही.

घटस्फोटित मुलीच्या बाबतीत सरकारने २०१७ मध्ये नियम सैल केला. आईवडिलांच्या हयातीत तिचा घटस्फोटाचा अर्ज कोर्टात दाखल झालेला असेल, तर निकाल नंतर लागला तरी ती वडिलांच्या फॅमिली पेन्शनीला पात्र ठरू शकते. चांगला नियम. म्हणजे नवऱ्याने टाकलेल्या बाईला वडिलांच्या नोकरीतून आधार आहे, आणि जी नोकरी तिने स्वतः वीस वर्षं सांभाळली तिच्यातून नाही.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडवला? अमेरिकेत २६ जून १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सैनिकी निवृत्तिवेतन घटस्फोटात वाटता येणार नाही. बदल हवा असेल तर तो संसदेने करावा. संसदेने पुढच्याच वर्षी कायदा केला. राज्यांच्या न्यायालयांना ते मालमत्ता म्हणून वाटण्याची मुभा मिळाली. लग्नाची किमान दहा वर्षं नोकरीच्या दहा वर्षांशी जुळत असतील, तर पत्नीचा वाटा थेट सरकारी खात्यातून तिला जातो, नवऱ्याकडे हात पसरावा लागत नाही. ब्रिटनमध्ये डिसेंबर २००० पासून घटस्फोटात पेन्शन विभागता येते. तिथे बाईच्या नावाने वेगळा हक्कच तयार होतो, आणि तो नवऱ्याच्या मरणावर अवलंबून राहत नाही.

अमेरिकेत अनेक ठिकाणी वापरतात तो हिशेब आमच्या हवालदाराला लावू. नोकरी चोवीस वर्षं, त्यातला संसार अठरा वर्षांचा. अठरा भागिले चोवीस, त्याचं निम्मं: साडेसदतीस टक्के. २५,००० वर ९,३७५ रुपये. कुणाची दया नाही, कुणाच्या चारित्र्याची चिकित्सा नाही. वर्षं मोजायची आणि भागायची.

आपल्याकडे असा विचार अगदीच परका नाही. शेजारच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने लग्नाबरोबर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि मोडताना निम्मी-निम्मी होते. दिल्लीतही एकदा पाऊल पडलं होतं: नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला हिस्सा देऊ पाहणारं विवाह कायदे दुरुस्ती विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केलं. लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही संपलं. पेन्शन त्यातही नव्हती.

फौजीची बाजू मी विसरलेली नाही. चाळिशीत घरी आलेल्या माणसाला पुढे तीस-चाळीस वर्षं काढायची असतात. बँकेच्या दारावर सुरक्षारक्षक म्हणून उभे असलेले माजी सैनिक नाशिकमध्ये आपण रोज पाहतो. सेवेत असताना तारखेला हजर राहायला त्याला रजा मिळत नाही. खास परिस्थितीत तैनात सैनिकाविरुद्धचा दिवाणी दावा थांबवता येतो, १९२५ चा कायदा त्यासाठीच आहे. तो दावा थांबला की बायकोची पोटगीही लांबते. दोघेही अशा व्यवस्थेत अडकलेले असतात की जिने लग्नाकडे नोंदीपलीकडे पाहिलेलं नाही. काही संसार बायकोच्या चुकीनेही मोडतात. पण वाट्याचा प्रश्न चुकीचा नाहीच, वर्षांचा आहे. वर्षांवर ठरलेला वाटा नवऱ्यालाही सोयीचा: एकदा ठरला की आयुष्यभर पोटगी वाढवण्याचे-घटवण्याचे अर्ज नाहीत. उद्या निवृत्त होणाऱ्या महिला अधिकाऱ्याच्या पेन्शनीलाही हाच नियम लागावा.

नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात २०२२ च्या अग्निपथ योजनेनंतर अग्निवीर घडत आहेत. चार वर्षांनी त्यातले बहुतेक सेवानिधी घेऊन परततील, पेन्शन नाही. त्यांच्या घरात वाटायला महिन्याचं काही नसेल, फक्त एक रक्कम असेल. म्हणून वाटणीचा विचार पेन्शन या एका शब्दापुरता न ठेवता नोकरीतून घरात आलेल्या प्रत्येक लाभापर्यंत न्यायला हवा.

माझी मागणी दोन ओळींची आहे. नोकरी आणि संसार यांची जुळणारी वर्षं मोजून निवृत्तिवेतनात वाटा ठरवण्याचा अधिकार कुटुंब न्यायालयांना कायद्याने द्यावा, आणि तो वाटा पेन्शन देणाऱ्या खात्याने थेट बाईच्या खात्यात जमा करावा. आणि जिला पोटगी चालू आहे तिला नवऱ्याच्या मृत्यूनंतर फॅमिली पेन्शनीतला तोच हिस्सा मिळावा, जो नियम आज तिच्या मुलांपुरता मान्य करतो.

तोपर्यंत, ज्या बहिणीच्या हातात आज परस्पर संमतीच्या घटस्फोटाचे कागद आहेत, तिला एवढंच सांगते. पी.पी.ओ. आणि कम्युटेशनचा आकडा पाहिल्याशिवाय एकरकमी पोटगीला होकार देऊ नका. पोटगी महिन्याची ठरत असेल, तर कलम २५ प्रमाणे नवऱ्याच्या घरावर किंवा जमिनीवर तिचा बोजा चढवून घ्या, म्हणजे तो गेला तरी हक्काला आधार राहील. आणि सहीआधी रेकॉर्डला पत्र लिहून खात्री करा की तुमच्या प्रत्येक मुलाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर निघाली आहे. तुमचं नाव उद्या नोंदीवरून जाईल. मुलांची नावं तिथे असतील तरच तुमच्या वर्षांचा हिस्सा त्यांना मिळेल.